सरकसरांचा परिचय

६ जून

धाकट्या,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून तुला वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. तुझी वहिनी बरी आहे, तिचे गुडघे बरे नाहीत. आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. तू ती ओळ वाचून पत्र फाडशील, आणि मला तर काम आहे.

आमच्या मुलांच्या ब्रास बँडला ऑगस्टमध्ये पंचवीस वर्षं होतायत. त्यातली एकोणीस मी मुख्य शिक्षक. चिटणीसबाईंनी पुस्तिका काढायचं मनावर घेतलंय, आणि तिच्यात एक पान शिक्षकांच्या परिचयाचं. कोण कोणाकडे शिकला, कुठे वाजवलं. ते पान लिहायचं माझ्या गळ्यात पडलं, कारण मला शुद्धलेखन येतं असा इथे समज आहे.

बाकीच्यांचं सोपं होतं. ट्यूबा शिकवणारे काका लष्कराच्या बँडमध्ये बावीस वर्षं होते. त्यांनी फॉर्म भरून खाली सही केली आणि शिक्का कुठे मारायचा म्हणून विचारलं. ड्रमवाला सर्कशीतला. झुल्यावरची बाई हात सोडायची तेव्हा हा ड्रम घुमवायचा. "नऊ वर्षांत एकदाच पडली," म्हणाला, "तेव्हासुद्धा माझा ताल चुकला नव्हता." हे छापावं की नाही, यावर त्याचं आणि बाईंचं अर्धा तास चाललं. माझा परिचय तुला पाठ असेल. वडिलांकडे शिक्षण, त्यांच्याच कारखान्याच्या बँडमध्ये पहिला कॉर्नेट, सतराव्या वर्षी कारखान्यांच्या स्पर्धेत एकल वादनाचं पदक.

राहिला एक. गेल्या वर्षी ट्रॉम्बोन शिकवायला आलेला. वय बत्तीस. पोटापाण्यासाठी नळजोडणीची कामं करतो, नखांत कायम काळं. ट्रॉम्बोनची नळी पुढेमागे सरकते म्हणून मुलं त्याला सरकसर म्हणतात, आणि तो ओ देतो. 'कोणाकडे शिकलात' या रकान्यात त्याने काय लिहावं? तुझं नाव.

मी फॉर्म टेबलावर उलटा ठेवला, मग सुलटा केला. नाव तेच होतं.

त्याला बोलावलं. म्हटलं, "हे कोण?"

"तुमचे धाकटे भाऊ," तो म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, सर. तुम्ही विषय काढल्याशिवाय आपण काढायचा नाही, असं ठरवलं होतं."

वर्षभर हा माणूस माझ्यासमोर बसून चहा पीत होता, आणि पोटात हे घेऊन.

"कुठे शिकवलं त्याने तुला?"

"ते काम करतात तिथे."

"म्हणजे कुठे?"

"ते त्यांनाच विचारा ना," म्हणाला आणि हसला. पत्ता मात्र लगेच लिहून दिला.

म्हणून विचारतोय. तू कुठे कामाला आहेस, हा तुझ्याकडे कसा आला, एवढं कळव. आणि माझ्याबद्दल तू त्याला काय सांगितलंयस तेही. नुसती उत्सुकता.

दादा

२ जुलै

धाकट्या,

माझी अपेक्षा चार ओळींची होती. तू दोन पानं लिहिलीस. तेव्हा तुला अजून माझ्याशी बोलावंसं वाटतं, असं मी समजतो.

तर तू सुधारगृहाच्या धुलाईखान्यात आहेस. वडिलांनी हे ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं ते लिहीत नाही. चादरी वाळत असताना पोरं मोकळी असतात म्हणून तू कुठूनतरी सहा जुनी वाद्यं मागून आणलीस, हे वाचून हसू आलं. तू लहानपणीही असाच होतास, कोणीतरी टाकून दिलेलं उचलून आणायचास.

आणि सरकसर त्या पोरांतला एक. सोळाव्या वर्षी दोन मित्रांबरोबर तांब्याच्या नळ्या चोरायला गेला, रखवालदाराशी झटापट झाली, म्हातारा भिंतीवरून पडून मेला. पाच वर्षं आत. "बाकीचे दोघं सुटून परत आत आले, हा आला नाही," असं तू लिहितोस. नळ्या चोरणारा नळ्या जोडायला लागला, एवढं तरी सरळ झालं म्हणायचं. शेवटी तू लिहिलंयस, "दादा, हे फक्त तुला. त्याची याआधी दोन कामं यावरून गेली आहेत." अरे, मी कोणाला कशाला सांगू? परिचयात 'खासगी शिक्षण' असं लिहीन आणि मोकळा होईन.

माझ्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र तू दिलेलं नाहीस. माझ्याबद्दल काय सांगितलंस? ते बरोबर टाळलंस.

त्याचा वर्ग काल खिडकीतून पाहिला. आधी वाद्य हातात देतच नाही. मुलांना भिंतीपाशी उभं करतो आणि नुसत्या फुंकरीने कागद भिंतीला चिकटवून ठेवायला लावतो. कागद पडला की पुन्हा. मग ओळ गाऊन घेतो, आणि तोंडाने नीट आली तरच वाजवायची. कळलं मला हे कुठून आलं. तू पायरीवरून पडलास, कवळी बसली, फुंकणं संपलं, म्हणून तू गाऊन शिकवतोस. त्याचे दात शाबूत आहेत, तरी तोही गाऊनच शिकवतो. तुझं व्यंगसुद्धा त्याने गुरुविद्या म्हणून घेतलंय.

तुझी पुतणी त्याच्या वर्गात आहे. परवा अठरा पूर्ण झाली. सहा वर्षं मी तिला कॉर्नेट शिकवला, तीन आठवड्यांत तिने तो सोडून ट्रॉम्बोन धरला. आता भांडी घासतानाही गाते. मी "जरा हळू" म्हटलं तर म्हणते, "बाबा, सर म्हणतात, जे गाता येत नाही ते वाजवताही येत नाही." सर म्हणतात. घरात एक सर एकोणीस वर्षं आहे, पण ते जाऊ दे.

चिटणीसबाई काल येऊन गेल्या. रौप्यमहोत्सवाचं संचालन सरकसरांनी करावं असं समितीला वाटतं. मुलांचं त्याच्याशी जमतं म्हणे. "तुम्ही प्रास्ताविक करा," मला म्हणाल्या, "तुमचं ते फार छान होतं."

दादा

१८ जुलै

धाकट्या,

वाईट बातमी आहे, आणि ती तुला माझ्याकडून कळावी.

सरकसरांचं सगळं बाहेर आलं. कसं आलं, देव जाणे. असल्या गोष्टी लपत नाहीत. चिटणीसबाईंना समजलं, त्यांनी समितीला सांगितलं, समितीतल्या एकाने आपल्या बायकोला, आणि मग काही उरत नाही.

रविवारी सकाळी सभागृहात पालकांची बैठक झाली. खुर्च्या मुलांच्याच, बुटक्या. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती, तरी कोणाला हसू येत नव्हतं. तो मागच्या दाराशी उभा होता. कामावरून तसाच आला होता, शर्ट ओला.

एक वडील उठले. "आमच्या मुलींच्या गालांना हात लावून शिकवतो हा माणूस," म्हणाले. गाल फुगवून फुंकू नये म्हणून प्रत्येक शिक्षक गालाला बोट लावून दाखवतो. वडील आपल्याला असंच दाखवायचे. मला हे बोलता आलं असतं.

मग कोणीतरी त्याला सरळ विचारलं, "त्या रखवालदाराला तू मारलंस का?"

"मी ढकललं नाही," तो म्हणाला. "पण मी तिथे होतो आणि पळालो. थांबलो असतो तर कदाचित वाचले असते ते. बासष्ट वर्षांचे होते."

"मग हे लपवलंत का इथे?" एक आई म्हणाली.

"फॉर्मवर तसा रकाना नव्हता, ताई."

कोणीतरी फिसकन हसलं, आणि तेच त्याला भोवलं. हा आपली थट्टा करतो असं लोकांना वाटलं. करत नव्हता. त्याला बोलायची पद्धत नाही एवढंच. तुझ्यासारखाच.

मी त्याची बाजू घेतली. उभा राहून म्हणालो, "माणूस बदलू शकतो, यावर माझा विश्वास आहे. प्रश्न इतकाच आहे, की आपल्या मुलांवर तो प्रयोग करून बघायचा का?" टाळ्या पडल्या नाहीत, पण माना हलल्या.

चिटणीसबाईंनी त्याच्याकडून किल्ल्या मागितल्या. त्याने दिल्या. मग ट्रॉम्बोन उघडून बसला, नळी पुसली, तेल लावलं, पेटीत ठेवून पेटी बंद केली. दहा मिनिटं गेली असतील. साठ माणसं त्याच्याकडे बघत होती आणि उठायचं कोणाला सुचत नव्हतं. जाताना मी त्याचा हात हातात घेतला. "मला फार वाईट वाटतं," म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही बोललात सर, तेवढं पुष्कळ झालं."

तुझी पुतणी जिन्यात बसून सगळं ऐकत होती.

रौप्यमहोत्सवाचं संचालन आता मीच करतोय. दुसरं होतं कोण?

दादा

३० जुलै

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. अख्ख्या कार्डावर एक शब्द. 'कसं?'

ठीक आहे. तुला हवं आहे ना, घे.

तुझं पत्र परिचयाच्या फाइलमध्ये होतं. त्याच्या फॉर्मवर, टाचणी लावलेलं, दुसरं पान वर. फाइल मी चिटणीसबाईंच्या घरी नेऊन दिली. म्हटलं, "सगळे परिचय तयार आहेत, एकदा नजर घाला." चुकून राहिलं असं लिहिणार होतो. दोन कागद त्यासाठी फाडले. चुकून नाही.

का, ते सांगतो. मला वाटलं त्याला माहीत आहे. वर्षभर तो माझ्यासमोर बसला, 'सर, सर' म्हणत, आणि मला वाटत होतं की हा माझ्या तोंडाकडे बघतो आणि मनात तुझे दात मोजतो. उद्या तो संचालन करणार, मी प्रास्ताविक, आणि पुस्तिकेत माझं पदक. कधी ना कधी बोललाच असता.

जे कधी लिहिलं नाही ते आज लिहितो. वाद्यांची खोली. तू पंधराचा, मी सतराचा. वडिलांनी त्या सकाळी एकल तुकडा तुला दिला होता, मला नाही. तू कपाटाकडे तोंड करून तो वाजवत होतास, आणि इतका चांगला, की तू वाजवत वाजवतच माझ्याकडे वळलास तेव्हा मला काही सुचेना. मी कॉर्नेटच्या पुढच्या रुंद तोंडावर तळवा ठेवला आणि ढकललं. जोरात. रागाने म्हणावं तर रागही नव्हता. तुझे वरचे दोन दात गेले. तू खाली बसलास. वडील आले तेव्हा तू म्हणालास, "पायरीवरून पडलो." आणि मी म्हणालो, "हो, मी पाहिलं."

तीन आठवड्यांनी तो तुकडा मी वाजवला. ते पदक हे. तुझ्या बाकीच्या दातांची पुढे काय वाट लागली, कवळी कधी आली, मी विचारलं नाही. एकोणिसाव्या वर्षी तू घर सोडलंस तेव्हा आई म्हणाली, "याला हे घर नकोसं झालंय, का ते सांगत नाही." मी जेवत होतो. जेवलो.

आता पुढचं ऐक. परवा दुपारी सरकसर आपली वही न्यायला आला होता. वर्गात आम्ही दोघंच. मी विचारलं, "माझा भाऊ माझ्याबद्दल काय म्हणायचा?"

वही शोधता शोधता म्हणाला, "म्हणायचे, दादाचा सूर माझ्यापेक्षा स्वच्छ होता. मी पायरीवरून पडलो नसतो, तरी पहिला कॉर्नेट त्यालाच मिळाला असता."

"पायरीवरून?"

"हो. का?"

"काही नाही."

म्हणजे त्याला काही माहीत नव्हतं. तू त्यालाही पायरीच सांगितलीस. मी त्याला उगाच काढलं.

पण धाकट्या, यात तुझा काही हात नाही असं समजू नकोस. तीस वर्षं कोणी दुसऱ्याचं खोटं सांभाळतं का? तू त्या दिवशी वडिलांसमोर खरं बोलला असतास तर मला दोन थपडा बसल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. तू चांगला राहिलास, आणि मला जन्मभर दचकत ठेवलंस. त्या पोराचं काम तुझ्या चांगुलपणाने गेलंय. हे वाचून तुला वाईट वाटावं म्हणूनच लिहितोय.

दादा

२१ ऑगस्ट

धाकट्या,

कालचा कार्यक्रम उत्तम झाला.

तुला दुसरं काही ऐकायचं असेल, पण खरं हेच आहे. सभागृह भरलं होतं. तुझ्या शिष्याच्या बारा मुलांतली नऊ येईनाशी झाली, ट्रॉम्बोन तीनच उरले, तरी कोणाच्या लक्षात आलं नाही. एकल तुकडा मीच वाजवला. मधे एक वरचा सूर जरा घसरला, तिथे नेमकी टाळी पडली. पुस्तिकेत परिचयाचं पान सुबक आलंय. ट्रॉम्बोनपुढे 'जागा रिक्त' असं छापलंय. लोकांनी वाचलं आणि पान उलटलं. माणूस गेला की एवढीच जागा रिकामी होते.

ट्यूबावाले काका माझ्याशी बोलत नाहीत. फाइल कोणी आणून दिली ते चिटणीसबाईंनी त्यांना सांगितलं. कार्यक्रमाआधी खोलीत सगळे चहा पीत होते, मी गेलो तसे ते कप घेऊन बाहेर गेले. ड्रमवाल्याला म्हणाले म्हणे, "बावीस वर्षांत खुनी माणसांबरोबरही पंगतीला बसलोय. याच्याबरोबर बसणार नाही." ड्रमवाल्याने ते मला येऊन सांगितलं. त्याला कुठे थांबायचं कळत नाही.

तुझी पुतणी दुसऱ्या रांगेत होती. तीन ट्रॉम्बोन, पण मला दोनच ऐकू येत होते. समोर उभा होतो, कळणारच. ती वाद्य ओठांना लावून बसली होती, नळी अगदी बरोबर पुढेमागे नेत होती, श्वासही जागच्या जागी घेत होती. फुंकत मात्र नव्हती. पाऊण तासात एक सूर तिने काढला नाही. आणि नजर माझ्यावर.

घरी येऊन विचारलं, "हे काय होतं?"

"तुम्हाला कळलं ना?" ती म्हणाली. "बास. बाकी कोणाला नको होतं कळायला."

"बँडचा अपमान आहे हा."

"मी ते पत्र वाचलं, बाबा. बाईंनी दाखवलं. काकांनी 'हे फक्त तुला' असं लिहिलंय त्यात."

तुझी वहिनी मधे पडली. "जेवून घ्या आधी दोघं," म्हणाली. मी म्हटलं, "ज्याला जेवायचं असेल तो जेवेल." मग मी पोरीला आणखी एक गोष्ट सांगितली. जी बरेच दिवस सांगायची होती. म्हटलं, "तुला कॉर्नेट जमला नाही म्हणून तू ट्रॉम्बोन घेतलास. सरक्या तुला चांगलं म्हणायचा, कारण त्याला चांगलं म्हणजे काय तेच माहीत नाही. तू साधारण आहेस. मी बाप म्हणून इतके दिवस बोललो नाही."

ती रडली नाही. आपलं ताट उचलून आत ठेवून आली.

ती साधारण नाही. माझ्याहून, आणि बहुतेक तुझ्याहूनही, तिचा दम मोठा आहे. पण बोललेलं परत घेता येत नाही, आणि मला ते घ्यायचंही नव्हतं.

दादा

४ सप्टेंबर

धाकट्या,

हे पत्र पोचेल तेव्हा ती तुझ्याकडे असेल. पत्ता तिने कुठून घेतला ते विचारू नको, सरक्याने दिला असणार, पत्ते वाटायची त्याला हौसच आहे. धुलाईखान्यात काही काम मिळालं तर करेन, म्हणते. चादरी धुवेन आणि शिकेन. घडी घालता येत नाही तिला.

तिला सकाळी रिकाम्या पोटी वाजवायला बसवू नकोस, डोकं दुखतं. थंडीत खोकला धरते. रागावली की जेवत नाही, पण समोर फळ चिरून ठेवलं आणि आपण उठून गेलो तर खाते. हे तुझी वहिनी शेजारी बसून लिहायला लावतेय.

दातांचं तिला सांगू नकोस. तीस वर्षं सांगितलं नाहीस, आता नवी सुरुवात कशाला? आणि सांगायचंच असेल तर सगळं सांग. मला काय, माझ्या हातून ती जायची होती ती गेलीच आहे.

निघताना ती ट्रॉम्बोनची पेटी घेऊन दारात आली. मी म्हटलं, "हे कुठे नेतेस? वाद्य बँडचं आहे, नोंदवहीत नंबर आहे त्याचा."

"मी सभासद आहे, बाबा."

"गावाबाहेर न्यायचं तर मुख्य शिक्षकाची सही लागते."

"मग द्या ना सही."

तुझी वहिनी म्हणाली, "अहो, द्या हो." दुसऱ्यांदाही म्हणाली.

मी दिली नाही. पेटी हातातून घेतली. तिने ओढून धरली नाही, सोडली. पाया पडायला वाकली, अर्ध्यावर सरळ झाली आणि जिना उतरली. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी खिडकीत होतो. तिने वर पाहिलं नाही.

काल वाद्यं जमा करून घेताना पेटी उघडली. तिने सगळं स्वच्छ पुसून, तेल लावून ठेवलंय. फुंकायचा माउथपीस मात्र नाही. तोही बँडचाच आहे. तिच्याकडे असेल तर परत पाठव.

दादा